मगरीला कळतं: विश्वामित्रीचं काम ज्यांच्या हाती आहे त्यांना खुलं पत्र

प्रति,
विश्वामित्रीच्या पात्राचं काम आखणारे अधिकारी, अभियंते आणि ठेकेदार,
बडोदा

महोदय,

पूर रोखण्यासाठी गाळ काढायला आणि काठ सारखा करायला पुढच्या उन्हाळ्यात विश्वामित्री नदीत पुन्हा पोकलेन उतरणार आणि वेळापत्रक पुन्हा फेब्रुवारी ते जूनचंच असणार, हे कळल्यावर हे पत्र लिहीत आहोत. याआधी दोनदा खासगीत लिहिलं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सर्वांसमोर. आमच्यातले काही जण पुराच्या दिवसांत मगरी पकडायला जातात, काही प्राणिशास्त्र शिकवतात, आणि बहुतेकांची घरं नदीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. मगरीच्या बाबतीत चूक झाली की तिचे परिणाम आधी आमच्या अंगणात येतात आणि मग आपल्या टेबलावर.

आमचं म्हणणं एकच आहे. मगर शिकते, लक्षात ठेवते आणि त्याप्रमाणे वागणं बदलते. आपल्या आराखड्यात मात्र ती गाळासारखी धरलेली आहे: इथून उचलली, तिथं टाकली, काम झालं. ‘मगरीला काय कळतंय, मशीन आलं की सरकेल’ हे कामाच्या जागी सर्रास ऐकू येतं. पुढे मांडलेल्या बहुतेक चुका याच समजुतीतून झाल्या आहेत, म्हणून आधी तिला काय कळतं ते सांगतो.

मगरीचा मेंदू अक्रोडाहून लहान असतो, हे खरं. पण पक्ष्यांचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे नातलग म्हणजे मगरी. पिंडाला कधी शिवेल म्हणून ज्याची वाट पाहत आपण ताटकळतो, त्या कावळ्याच्या हुशारीबद्दल कुणाला शंका नसते. त्याच्या चुलत घराण्याला मात्र आपण मठ्ठ ठरवून मोकळे होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांना डोकं नसतं ही समजूत बरीचशी जुन्या प्रयोगांमुळे पक्की झाली. उंदरांसाठी बनवलेल्या चक्रव्यूहात, माणसाला बरं वाटेल अशा गार खोलीत त्यांची परीक्षा घेतली जायची. ज्याचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं तो प्राणी गारठ्यात हलतही नाही, आणि जो कित्येक दिवस न खाता राहतो त्याला खाऊच्या तुकड्याचं अप्रूप नसतं. पुढे खोल्या उबदार केल्या, बक्षीस म्हणून अन्नाऐवजी ऊब दिली, तेव्हा हेच प्राणी शिकू लागले. २०१८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी नाईल मगरीच्या पिल्लांना एमआरआय यंत्रात ठेवून बाखचं संगीत ऐकवलं. साध्या आवाजाला मेंदूचे जे भाग जागे झाले, त्यापेक्षा जास्तीचे भाग त्या गुंतागुंतीच्या संगीताला जागे झाले, आणि तो नमुना पक्ष्यांच्या मेंदूशी मिळताजुळता निघाला.

आपल्या नदीतल्याच जातीची एक नोंद तर जगभर गाजली. महाबलीपुरमजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत बगळ्यांच्या वसाहतीखाली उथळ पाण्यात मगरी नाकाडावर काटक्या तोलून निश्चल पडून राहतात. घरट्यासाठी काटकी हवी म्हणून बगळा खाली उतरला की जबडा मिटतो. हे निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, सोबत अमेरिकेतल्या लुईझियानामधल्या ॲलिगेटरांचंही. याला अवजार वापरणं म्हणायचं का, यावर वाद आहे. २०२० मध्ये ॲलिगेटरांवर झालेल्या चाचणीत त्या दाव्याला आधार मिळाला नाही. त्यामुळे सारा भार आम्ही या उदाहरणावर टाकत नाही.

त्याहून भक्कम पुरावा रोजच्या व्यवहारातला आहे. त्याच संस्थेत मगरींना काठीच्या टोकाच्या खुणेला नाकाड लावायला शिकवतात, आणि नाव पुकारलं की त्याच मगरीनं पुढे यावं, हेही शिकवतात. रीत अशी: खूण दाखवायची, नाकाड टेकलं की त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि लगोलग मांसाचा लहान तुकडा द्यायचा. तुकडा मोठा दिला तर त्या दिवसाचा धडा संपला, कारण पोट भरलेली मगर काठीकडे बघत नाही. तुकडा उशिरा दिला तर अन्नाची गाठ खुणेऐवजी माणसाच्या हाताशी बसते, आणि ते धोक्याचं असतं. पाणी गार असेल त्या दिवशी शिकवायचंच नाही. काठी आणि मांस यांची गाठ घालणारं हेच डोकं विजेरीचा झोत आणि दोरीचा फास यांचीही गाठ घालतं. आमची पहिली तक्रार इथूनच सुरू होते.

काम सुरू होण्याआधी मगरी ‘हटवण्यासाठी’ नाल्याच्या तोंडाशी पिंजरा लावतात. आत कोंबडी टांगतात, ती ओढली की दार पडतं. पिंजरा नीट चालला तर ठीक. पण दाराची खाच गाळानं भरलेली असते, दार अर्ध्यात अडकतं, मगर मागं सरकून निसटते. आता ती त्या पिंजऱ्याजवळ फिरकत नाही, आणि कोंबडीची जागा बदलून काही उपयोग होत नाही. दर दोन दिवसांनी खाच धुऊन दार हातानं पाडून बघणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते कुणाकडेच सोपवलेलं नाही. विजेरीचंही तसंच. एकदा विजेरीच्या झोतात पकडून सोडलेली मगर पुढच्या वेळी होडी जवळ येण्याआधीच बुडी मारते, हे ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकातच नोंदलं गेलं. आपल्याकडे रात्रीची मोजणी विजेरीवरच होते: झोतात डोळे तांबूस चमकतात, त्या चमका मोजायच्या. ज्या पट्ट्यात महिनाभर पकडापकड चालली, तिथं लगेच मोजणी केली तर चमका कमी दिसणारच. कागदावर मात्र ‘मगरी कमी झाल्या’ असं उमटतं आणि त्या आकड्यावर पुढचं काम मंजूर होतं.

पकडण्याची पद्धत हीसुद्धा जिवाशी गाठ आहे. फास लावून अर्धा-पाऊण तास ओढाताण केली की मगरीच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठत जातं आणि रक्ताचा समतोल बिघडतो. मोठी मगर सोडताना जिवंत दिसते आणि काही तासांनी मरते; तेव्हा बघायला कुणी नसतं. फास बसताच ओलं गोणपाट डोळ्यांवर टाकलं तर अंधारात ती लवकर शांत होते. जबडा मिटवणारे स्नायू अफाट ताकदीचे, पण उघडणारे दुबळे, म्हणून नाकपुड्या मोकळ्या ठेवून चिकटपट्टीचे काही वेढे पुरतात. मग फळीवर बांधून न्यायची. शेपटी धरून ओढायची नाही, उन्हात ट्रॉलीवर ठेवायची नाही. ठेकेदाराच्या माणसांना हे कुणी शिकवलं असेल तर प्रत्यक्षात ते दिसलेलं नाही.

दुसरी तक्रार स्थलांतराची. पकडलेली मगर धरणात किंवा दुसऱ्या तळ्यात सोडली की नोंदवहीत ती संपते, नदीच्या लेखी संपत नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातली एक मगर हेलिकॉप्टरनं केप यॉर्क द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन सोडली. उपग्रहाशी जोडलेला टॅग तिच्या अंगावर होता. समुद्राकडून अख्ख्या भूशिराला वळसा घालून, चारशेहून जास्त किलोमीटर पोहत, ती आपल्या नदीत परत आली. शेवटच्या प्रवासाला तिला साधारण तीन आठवडे लागले. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपली मगर वेगळ्या जातीची आणि गोड्या पाण्यातली आहे, त्यामुळे ती नेमकं तेवढंच अंतर कापेल असा आमचा दावा नाही. पण घराची वाट तिला ठाऊक असते हे धरूनच चालायला हवं, कारण ती परत निघाली तर तिची वाट पाण्यापुरती राहत नाही. शेतं, रस्ते आणि सोसायट्यांची कुंपणंही तिच्या वाटेत येतात. शिवाय तिनं सोडलेली जागा रिकामी राहत नाही. बाजूची तरुण मगर तिथं येते, जिला त्या घाटाची, तिथल्या माणसांच्या येण्याजाण्याची अजून ओळख नसते. पकडलेल्या एकाही मगरीला खूण न करता सोडणं म्हणजे चूक झाली की बरोबर, हे कधीच कळू नये अशी व्यवस्था करणं.

तिसरी तक्रार आमच्या दृष्टीनं सगळ्यांत गंभीर आहे: बिळं आणि घरटी.

मगर काठाच्या मातीत काही मीटर लांब बीळ खोदते. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा, दोन्हीसाठी तिचा आसरा तोच. वरून बघितलं तर पाण्याच्या पातळीजवळ झुडपाखाली एक काळपट भोक, एवढंच दिसतं. पोकलेनच्या बादलीनं काठ सारखा करायला घेतला की हे तोंड पहिल्या फटक्यात बुजतं. आतली मगर पळत नाही. आवाज आणि हादरा जाणवला की ती आत आणखी मागं सरकते, कारण तिच्या अनुभवात बीळ ही सुरक्षित जागा आहे. ‘मशीन आलं की सरकेल’ हे खरं आहे, पण ती सरकते नेमकी उलट्या दिशेला, आणि वरून माती दाबली जाते.

घरट्याची गोष्ट याहून नाजूक. मादी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठाच्या उतारावर, पाण्यापासून थोडं वर, साधारण हातभर खोल खड्डा करून अंडी घालते, बहुधा पंचवीस-तीस. वरून माती सारखी करून ती जवळपासच राहते, कधी त्यावर हनुवटी टेकून पडते. खड्ड्यातल्या उष्णतेवर पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं: साधारण ३२.५ अंशांच्या आसपास नर जास्त, त्याहून बऱ्याच खाली मादी. त्यावर फूटभर राडारोडा पडला तर मातीचं तापमान आणि हवा दोन्ही बदलतात. दोन महिन्यांनंतर, पावसाच्या आधी, पिल्लं अंड्याच्या आतूनच साद घालतात. नाईल मगरींवरच्या प्रयोगात ध्वनिमुद्रित केलेली ही साद जमिनीखालून ऐकवली तेव्हा आया माती उकरू लागल्या, आणि अंड्यातल्या पिल्लांनी ती ऐकून एकाच वेळी बाहेर यायची तयारी केली. आपल्या जातीच्या मगरींत नरानंही पिल्लं जबड्यात धरून पाण्यात नेल्याच्या नोंदी आहेत. ज्या जबड्यानं बैल ओढता येतो, त्याच जबड्यात वीतभर पिल्लू दाताला न लागता पाण्यापर्यंत जातं. पोकलेन रोज दहा तास चालू असेल तर ती साद आईच्या कानावर पोचत नाही, आणि आई तिथून हुसकली गेली असेल तर ऐकायला कुणी उरतच नाही. कडक झालेली माती पिल्लांना स्वतःहून फोडता येत नाही.

‘अंडी सापडली तर हलवू’ असं उत्तर मिळतं. हलवता येतात, पण एका अटीवर. अंडं घातल्यावर सुमारे दिवसभरात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मरतो. म्हणून प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला शिसपेन्सिलीनं खूण करायची, ते आहे तसंच उचलायचं, त्याच मातीच्या थरात त्याच बाजूनं ठेवायचं, आणि गाडी हादरणार नाही अशी चालवायची. बादलीत भरून नेलेली अंडी वाचवलेली अंडी नव्हेत, मग फोटो कितीही छान आला तरी.

काठाच्या बांधणीबद्दल थोडक्यात. उभी भिंत किंवा जाळीत भरलेल्या दगडांचा कडा केला की मगरीला ऊन खायला चढता येत नाही. ऊन मिळालं नाही तर पचन मंदावतं, आणि मग ती जिथं उतार सापडेल तिथं चढते. असे उतार आता घाटांवर आणि नाल्यांच्या तोंडाशीच उरले आहेत, म्हणजे माणसांच्या वाटेवर.

आणि पुलांवरून टाकला जाणारा कोंबड्या-मासळीचा टाकाऊ माल. रोज संध्याकाळी पुलाखाली पिशवी पडते, हे मगरीनं लक्षात ठेवलं तर दोष तिचा नाही. माणूस, पूल आणि अन्न यांची गाठ आपणच घालून देतो. घाटावर रोज त्याच वेळी त्याच पायरीवर कपडे धुणाऱ्या बाईची वेळही ती अशीच लक्षात ठेवू शकते, हे मगरींसोबत काम करणारा प्रत्येक जण जाणतो. घाटावरचे फलक मात्र फक्त ‘मगरीपासून सावधान’ एवढंच म्हणतात. ‘रोज एकाच जागी, एकाच वेळी पाण्यात उतरू नका’ हे कुठंच लिहिलेलं नाही, आणि जीव वाचवणारं वाक्य ते आहे.

पूर महत्त्वाचा की मगर, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्याही घरांत पाणी होतं. त्या तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी बाहेर काढाव्या लागल्या, २ फुटांच्या पिल्लापासून १४ फुटांच्या मगरीपर्यंत. नदीत मगरींची संख्या चारशेच्या वर आहे. म्हणजे बहुसंख्य मगरी पुरातही नदी, नाले आणि कोतरांतच, म्हणजे काठच्या घळींतच, थांबल्या. ज्या बाहेर आल्या त्या बहुतेक प्रवाहाच्या जोरातून बाजूच्या संथ पाण्यात गेल्या होत्या, आणि पाणी ओसरताना मागं अडकल्या. कोतरं, ओहोळ आणि तलाव शाबूत असतील तर पुराचं पाणीही तिथंच विसावतं आणि मगरही. राष्ट्रीय हरित अधिकरणानं २०२१ च्या निकालात या नदीच्या पूरमैदानांच्या आणि कोतरांच्या रक्षणावर भर दिला आहे. पूर रोखणं आणि मगर समजून घेणं ही दोन वेगळी कामं नाहीत, तर आराखड्यात ती एकत्र का नाहीत?

आमच्या मागण्या अशा आहेत.

१ फेब्रुवारी ते ३० जून काठाच्या उतारांवर एकही अवजड यंत्र चालू नये. पावसाळ्यानंतर पाणी उतरल्यावर ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीअखेरपर्यंत तीन महिने मिळतात. काठाचं काम तेवढ्यात बसवावं, बाकी वेळी फक्त पात्राच्या मधला गाळ काढावा. ते तीन महिनेही बिनधोक नाहीत, कारण थंडीत मगरी बिळांत असतात. म्हणून प्रत्येक पट्ट्यात यंत्र उतरण्याआधी पायी फिरून बिळं शोधावीत, तोंडाशी खुंटी ठोकून लाल फीत बांधावी, नळीच्या कॅमेऱ्यानं आत बघावं. बीळ रिकामं असल्याची लेखी नोंद झाल्याशिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत माती हलवू नये. काम एकाच काठानं, एकाच दिशेनं, हळूहळू पुढे न्यावं, म्हणजे दुसरा काठ मगरीला मोकळा राहील.

काठांचे उतार मातीचेच ठेवावेत, एका फूट उंचीला किमान तीन फूट आडवे, आणि ते घाटांपासून दूर असावेत.

पकडलेल्या प्रत्येक मगरीची लांबी, लिंग, जागा, वेळ आणि सोडलेली जागा नोंदवून शेपटीच्या खवल्यांना खूण करावी, शक्य तिथं चिप बसवावी. ही वही दर महिन्याला लोकांसाठी खुली करावी. पकडापकड झालेल्या पट्ट्यात निदान काही आठवडे मोजणी करू नये, आणि मोजणीच्या अहवालात त्याआधी तिथं काय काम झालं होतं ते लिहावं.

ठेकेदाराच्या प्रत्येक पाळीत पकडण्याचं प्रशिक्षण घेतलेला एक माणूस असावा; त्याच्या ‘थांबा’ या शब्दावर पोकलेन थांबलं पाहिजे, साहेबांच्या फोनची वाट न बघता.

पुलांवर जाळ्या आणि टाकाऊ मालासाठी झाकणबंद कुंड्या बसवाव्यात, आणि घाटांवरचे फलक गुजराती, हिंदी व मराठीत नव्यानं लिहावेत. मजकूर आम्ही देतो.

या मागण्यांपैकी कुठली मान्य नसेल तर कारणासह लेखी कळवावं. चर्चेला आम्ही तयार आहोत. उत्तर जानेवारी संपायच्या आत हवं, कारण त्यानंतर माद्या उतारांवर जागा हेरायला लागतात. बिळांची पहिली पाहणी कमाटीबागेलगतच्या पट्ट्यापासून सुरू करता येईल. खुंट्या, फिती आणि विजेऱ्या आम्ही घेऊन येऊ. आपल्याकडून पट्ट्याचा नकाशा आणि सोबतीला एक अभियंता हवा, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत.

आपले,
विश्वामित्रीकाठचे काही रहिवासी, शिक्षक आणि मगर-बचावाला जाणारे स्वयंसेवक
बडोदा